कर्जफेडीचा करार चालू असताना भाड्याचं घर कसं शोधायचं

कर्जफेडीच्या करारावर, म्हणजे धनकोंशी (ज्यांचं देणं आहे त्यांच्याशी) ठरवून कर्ज फेडण्याच्या करारावर, सही झाली की पहिले काही महिने हायसं वाटतं. वसुलीचे फोन थांबतात, दर महिन्याला एकच ठरलेली रक्कम जाते, रात्री झोप लागते. आणि मग कधीतरी घर बदलायची वेळ येते. मालकाला घर विकायचं असतं, नोकरी दुसऱ्या शहरात लागते, घरात बाळ येणार असतं. भाड्याचा अर्ज हातात पडतो आणि त्यात प्रश्न असतो: तुमच्यावर दिवाळखोरीची किंवा कर्जफेडीची काही कार्यवाही चालू आहे का?

मी त्या प्रश्नापुढची जागा कोरी सोडली होती. विचारलं तर सांगू, असं मनाशी म्हटलं. एजंटने विचारलं नाही, थेट तपासलं. अर्ज फेटाळला गेला, घर राखून ठेवायला भरलेली रक्कमही गेली. फेटाळण्याचं कारण कर्ज नव्हतं, ‘माहिती दडवली’ हे होतं. पुढच्या घराच्या वेळी मी पहिल्याच फोनवर सगळं सांगितलं आणि ते घर मिळालं. या लेखात जे सांगते आहे ते त्या दोन अर्जांमधल्या फरकातून आलेलं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट नीट समजून घ्या. कर्जफेडीचा करार चालू असलेल्या माणसाला घर भाड्याने द्यायचं नाही, असा सरसकट नियम या प्रकारच्या करारांमध्ये नसतो. अडचण येते ती घरमालकाच्या तपासणीत. मालकाला एकच चिंता असते, दर महिन्याला भाडं वेळेवर येईल का. तुमची सगळी तयारी त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी करायची.

पायरी १: आपला करार नेमका कोणता, ते पाहा

‘माझं सेटलमेंट चालू आहे’ एवढंच सांगून भागत नाही, कारण प्रत्येक देशात याचं रूप वेगळं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८६ च्या इन्सॉल्व्हन्सी ॲक्टखाली ‘इंडिव्हिज्युअल व्हॉलंटरी अरेंजमेंट’, म्हणजे आयव्हीए असतं आणि ते साधारण ५ ते ६ वर्षं चालतं. स्कॉटलंडमध्ये ट्रस्ट डीड असते. कॅनडात ‘कन्झ्युमर प्रपोजल’ जास्तीत जास्त ५ वर्षांचं. अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याच्या ‘चॅप्टर १३’ खाली न्यायालयाने मंजूर केलेली ३ ते ५ वर्षांची योजना. ऑस्ट्रेलियात १९६६ च्या बँकरप्सी ॲक्टमधलं ‘डेट ॲग्रीमेंट’. जर्मनीत व्यक्तिगत दिवाळखोरीची प्रक्रिया ऑक्टोबर २०२० पासूनच्या अर्जांसाठी ३ वर्षांवर आली आहे. भारतात सामान्य कर्जदाराच्या बाबतीत बहुतेक वेळा बँकेशी थेट झालेलं कर्जाचं पुनर्गठन किंवा एकरकमी तडजोड असते.

कपाटातून कराराची मूळ प्रत काढा आणि तीन गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ ओढा. पत्ता, उत्पन्न किंवा खर्च बदलला तर किती दिवसांत कळवायचं? नवीन उधारी घ्यायला परवानगी लागते का, आणि किती रकमेच्या वर? हप्ता चुकला तर काय होतं?

दुसरा प्रश्न वाटतो त्यापेक्षा नाजूक आहे. भाडेकरार म्हणजे सहसा नवीन कर्ज धरलं जात नाही. पण घराबरोबर येणाऱ्या कितीतरी गोष्टी उधारीत मोडतात. हप्त्यावर घेतलेला फ्रिज, डिपॉझिटसाठी काढलेलं छोटं कर्ज, तुमच्या वतीने डिपॉझिटची हमी देऊन दरमहा पैसे घेणारी योजना. आयव्हीएच्या ठरावीक अटींत ५०० पौंडांपेक्षा जास्त उधारी परवानगीशिवाय घेता येत नाही. चॅप्टर १३ मध्ये नवीन कर्जासाठी ट्रस्टीची (योजना सांभाळणाऱ्या माणसाची) किंवा न्यायालयाची परवानगी लागते. घर मिळाल्याच्या आनंदात सोफा हप्त्यावर घेतला आणि त्यापायी तीन वर्षं निष्ठेने पाळलेला करार धोक्यात आला, असं होऊ देऊ नका.

पायरी २: घर बघण्याआधी करार सांभाळणाऱ्या माणसाशी बोला

या माणसाला कुठे सुपरवायझर म्हणतात, कुठे ट्रस्टी, कुठे ॲडमिनिस्ट्रेटर; पुढे मी सुपरवायझरच म्हणते. त्याच्याकडे तुमच्या मासिक खर्चाचा एक तक्ता असतो आणि त्या तक्त्यात भाड्याची ओळ असते. तुमचा हप्ता त्याच तक्त्यावरून ठरलेला असतो. म्हणून नवं भाडं जास्त असेल तर प्रश्न फक्त परवडण्याचा नसतो. भाडं वाढलं की हप्त्यासाठी उरणारी रक्कम कमी होते, आणि हप्ता कमी करायचा तर कराराची फेरमांडणी लागते. ती कुठे धनकोंच्या संमतीने होते, कुठे न्यायालयाच्या. त्याला आठवडे लागतात. भाडेकरारावर सही करून मग विचारायला गेलात आणि उत्तर ‘नाही’ आलं, तर हप्ता आणि भाडं यांच्यात तुम्ही अडकता.

त्याला लेखी विचारा. फोनवर झालेलं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही. माझ्या पत्रात मी पाच गोष्टी लिहिल्या होत्या: घर का बदलायचं आहे, आत्ताचं भाडं किती, नवं किती पर्यंत चालेल, डिपॉझिट आणि सामान हलवण्याचा खर्च कुठून येणार, आणि हप्त्यावर परिणाम होईल का. बदलाचं कारण खरोखर गरजेचं असेल, म्हणजे नोकरी, मुलांची शाळा, आजारपण, जुन्या मालकाची नोटीस, तर ते ठळक लिहा. आणि ‘हप्ते आजवर वेळेवर आले आहेत’ असं पत्र त्याच्याकडून मागा. घरमालकासमोर या पत्राइतका उपयोगी दुसरा कागद तुमच्याकडे नसेल.

पायरी ३: डिपॉझिटचं गणित

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. जुन्या घराचं डिपॉझिट घर सोडल्यावर परत मिळतं, नव्याचं आधी भरावं लागतं, आणि मधले काही आठवडे दोन्ही रकमा बाहेर असतात. ज्याच्या हातात हप्ता गेल्यावर फार काही उरत नाही, त्याला ही फट भरून काढणं सगळ्यात जड जातं.

आधी कायदा काय म्हणतो ते बघा, कारण मालक मागेल तेवढं द्यावं लागतंच असं नाही. इंग्लंडमध्ये २०१९ पासून बहुतेक घरांसाठी ५ आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि ते ३० दिवसांत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत ठेवावं लागतं. जर्मनीत मर्यादा ३ महिन्यांच्या मूळ भाड्याची, पण भाडेकरूला ती रक्कम ३ समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. कर्जफेड करणाऱ्यासाठी ही सोय सोन्यासारखी आहे आणि ती मागायला अजिबात संकोचू नका. न्यूयॉर्क राज्यात २०१९ पासून एका महिन्याची मर्यादा आहे. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात मालक फक्त शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेऊ शकतो. भारतात २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी २ महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवलेली आहे, मात्र राज्याने तो स्वीकारला असेल तरच ती लागू होते.

जुनं डिपॉझिट परत येणार असेल तर ते नव्या घरासाठी वापरणार आहे, हे सुपरवायझरला आधी कळवून ठेवा. खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली की ती अनपेक्षित कमाई समजून करारात भरायला सांगितली जाऊ शकते. एका ओळीच्या ईमेलने हा घोळ टळतो.

आणि हप्त्याच्या पैशाला हात लावू नका. ‘एक महिना हप्ता नाही भरला तर डिपॉझिट निघेल’ हा विचार मनात येतोच, माझ्याही आला होता. काही करारांत अडचणीच्या वेळी हप्त्याला थोडी विश्रांती मिळते, पण ती मागून घ्यावी लागते. स्वतःच्या मनाने थांबवलेला हप्ता म्हणजे थकबाकी. कॅनडात ३ महिन्यांच्या हप्त्यांइतकी थकबाकी झाली की प्रपोजल आपोआप रद्द धरलं जातं आणि जुनं कर्ज पुन्हा अंगावर येतं.

पायरी ४: मालकाला जे दिसणार, ते आधी तुम्ही पाहा

आपला क्रेडिट रिपोर्ट उघडायला भीती वाटते हे मला माहीत आहे. तरी उघडा. बऱ्याच देशांत तो फुकट मिळतो. भारतात चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मागता येतो. युरोपीय संघात आपल्याबद्दल साठवलेल्या माहितीची प्रत मोफत मागण्याचा हक्क आहे. जर्मनीत मात्र एक काळजी घ्या. ‘शुफा’ या तिथल्या क्रेडिट माहिती कंपनीकडून आलेली ही सविस्तर प्रत मालकाला देऊ नका, तिच्यात त्याला नको इतकी खासगी माहिती असते. मालकाला दाखवण्यासाठी वेगळं, आटोपशीर प्रमाणपत्र मिळतं.

क्रेडिट रिपोर्टखेरीज सार्वजनिक नोंदवह्याही असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये आयव्हीएचं नाव ‘इंडिव्हिज्युअल इन्सॉल्व्हन्सी रजिस्टर’मध्ये कुणालाही फुकट शोधता येतं. ऑस्ट्रेलियातही अशी राष्ट्रीय नोंदवही आहे. तिथे भाडेकरूंचा वेगळा डेटाबेसही असतो, आणि त्यात जुन्या भाड्याच्या थकबाकीची किंवा नुकसानीची नोंद असू शकते. ‘कुणाला कळणार आहे’ या भरवशावर म्हणूनच राहू नये.

रिपोर्टमध्ये काय पाहायचं? करारात घेतलेली सगळी कर्जं तशीच दाखवली आहेत का, की एखादं अजून ‘थकीत, वसुली चालू’ असं दिसतं? फेडलेलं खातं उघडं दिसतंय का? जुना पत्ता, चुकीचं स्पेलिंग, दुसऱ्याच माणसाचं कर्ज आपल्या नावावर, हे सगळं मी पाहिलेलं आहे. चूक दिसली तर लेखी तक्रार करा आणि दुरुस्ती होईपर्यंत मोठ्या एजन्सीकडे अर्ज करू नका. अमेरिकेत अशा तक्रारीची चौकशी साधारण ३० दिवसांत करावी लागते. भारतातही ३० दिवसांची मुदत आहे आणि ती उलटली तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

पायरी ५: फाइल बांधा

शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. बँक स्टेटमेंट, ज्यात भाडं आणि हप्ता दोन्ही ठरलेल्या तारखेला गेलेले दिसतात. नोकरीचं पत्र. सुपरवायझरचं पत्र. आणि आत्ताच्या मालकाचं, भाडं वेळेवर आलं आणि बाकी काही नाही, असं दोन ओळींचं पत्र. मालक पत्र देत नसेल तर भाड्याच्या पावत्या किंवा बँकेतल्या नोंदी पुरतात.

आत्ताच्या मालकाचंच भाडं थकलेलं असेल आणि ती थकबाकी करारात घेतलेली असेल, तर इथे सावकाश जा. ती करारात आहे म्हणून मालक तुम्हाला बाहेर काढू शकत नाही, असं समजू नका. काही ठिकाणी करार असूनही तो ताब्यासाठी न्यायालयात जाऊ शकतो, इंग्लंडमध्ये हेच होतं. दुसरीकडे, चांगलं पत्र मिळावं म्हणून त्याला गुपचूप वेगळे पैसे देणंही धोक्याचं. एका धनकोला बाकीच्यांच्या आधी देणं म्हणजे करार मोडणं ठरू शकतं. आधी सुपरवायझरला विचारा. ब्रिटनमध्ये स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन आणि सिटिझन्स ॲडव्हाइस, ऑस्ट्रेलियात नॅशनल डेट हेल्पलाइन अशा संस्था यावर फुकट सल्ला देतात.

बँकेचंही पाहा. ज्या बँकेचं कर्ज करारात आहे, तिच्याच खात्यात पगार येत असेल तर काही ठिकाणी बँक त्यातून आपली बाकी परस्पर वळती करू शकते. पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत असलेलं बरं, नाहीतर भाड्याच्या दिवशीच खातं रिकामं सापडायचं.

पायरी ६: कुणाकडे जायचं

मोठ्या एजन्स्यांमध्ये तपासणी बऱ्याचदा संगणक करतो, आणि संगणकाला तुमची तीन वर्षांची नियमितता दिसत नाही, फक्त शेरा दिसतो. एकच घर असलेला, स्वतः फोन उचलणारा मालक ऐकून घेतो. मी सुरुवात तिथूनच करायला सांगेन. ओळखीतून कळलेलं घर असेल तर आणखी बरं. सामाजिक गृहसंस्था आणि नगरपालिकेची घरं असतील तिथेही चौकशी करा, त्यांचे निकष वेगळे असतात.

घर दुसऱ्याच्या नावावर घेऊन आपण राहायचं, ही वाट मात्र टाळा. भाडेकराराच्या कागदात तुमचं नाव नसलं तर भाडेकरू म्हणून तुमचे हक्कही लटकतात. जोडीदाराबरोबर संयुक्त भाडेकरार करणार असाल, तर सहसा दोघांपैकी प्रत्येक जण पूर्ण भाड्याला बांधील असतो, हे दोघांनाही माहीत असू द्या.

पायरी ७: कसं सांगायचं

घर बघायला जाण्याआधी, आणि पैसे भरण्याआधी तर नक्कीच. इंग्लंडमध्ये चुकीची किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर घर राखण्यासाठी भरलेली रक्कम मालक ठेवून घेऊ शकतो. खरं सांगूनही नकार मिळू शकतो, पण तेव्हा तुमचे पैसे तुमच्या खिशात असतात.

कर्ज कसं झालं याची पूर्ण कहाणी सांगू नका. आजारपण, घटस्फोट, बुडालेला धंदा, एका वाक्यात पुरे. मी जे लिहिलं होतं ते साधारण असं:

‘नमस्कार. तुमच्या घराची जाहिरात पाहिली. अर्ज करण्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, कारण तपासणीत ती दिसेल. आजारपणानंतर माझ्यावर कर्ज झालं आणि मी धनकोंशी कायदेशीर करार केला. त्याला अडीच वर्षं झाली आहेत, एकही हप्ता चुकलेला नाही, तसं पत्र सोबत जोडते. हप्ता ठरवताना भाड्याची रक्कम आधीच बाजूला काढलेली असते. मागच्या चार वर्षांत भाडं नेहमी वेळेवर गेलं आहे. हे चालणार असेल तर घर बघायला यायला आवडेल. चालणार नसेल तरी कळवा, तुमचा वेळ जायला नको.’

यातलं भाड्याबद्दलचं वाक्य मालकांना सहसा ठाऊक नसतं. त्यांना वाटतं की धनको आधी घेतात आणि उरलं तर भाडं. प्रत्यक्षात बहुतेक करारांत राहतं घर, अन्न, वीज यांचा खर्च वजा करून मग हप्ता ठरतो. ते सांगितलं की बोलण्याचा सूरच बदलतो.

पायरी ८: जास्तीची हमी मागितली तर

जामीनदार हा नेहमीचा उपाय. पण भावाला किंवा मैत्रिणीला जामीन राहायला सांगताना कागद त्यांना पूर्ण वाचायला द्या. जबाबदारी फक्त भाड्याची की नुकसानीचीही, किती काळाची, भाडं वाढलं तर वाढलेल्याचीही का, हे त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या अडचणीत त्यांना ओढताना त्यांना सगळं माहीत असणं हा त्यांचा हक्क आहे.

काही महिन्यांचं भाडं आगाऊ देणं हा दुसरा उपाय सुचवला जातो. करारातल्या माणसाकडे ते पैसे सहसा नसतात, आणि असले तर कुठून आले हे सुपरवायझर विचारेलच. शिवाय सगळीकडे ते चालतही नाही. इंग्लंडमध्ये २०२५ च्या रेंटर्स राइट्स ॲक्टने एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागण्यावर निर्बंध आणले आहेत. मला सगळ्यात चांगला वाटलेला उपाय बिनखर्चाचा आहे: पगाराच्या दुसऱ्या दिवशी भाडं आपोआप जाईल अशी बँकेला स्थायी सूचना द्या आणि ती मालकाला दाखवा. हप्त्याची तारीख त्यानंतरची ठेवा.

नकार आला तर

कारण विचारा, लेखी. अमेरिकेत क्रेडिट रिपोर्टमुळे नाकारलं असेल तर मालकाने तसं कळवावं लागतं, रिपोर्ट कुणाचा होता ते सांगावं लागतं, आणि ६० दिवसांत तुम्ही त्या रिपोर्टची मोफत प्रत मागू शकता. त्या प्रतीत चूक सापडली तर पुढचा अर्ज सोपा जातो.

दोन-तीन नकारांनंतर माणूस घायकुतीला येतो, आणि त्याच वेळी ‘क्रेडिट तपासणी नाही, आजच पैसे पाठवा’ अशा जाहिराती डोळ्यांसमोर येतात. घर आतून पाहिल्याशिवाय, मालकीचा पुरावा पाहिल्याशिवाय आणि पावतीशिवाय एक पैसाही देऊ नका. फसवणाऱ्यांना अडलेला माणूस बरोबर ओळखता येतो.

किल्ल्या हातात आल्यावर

त्याच दिवशी प्रत्येक खोलीचे, भिंतींचे, नळांचे फोटो काढून मालकाला ईमेल करा. नवा पत्ता मुदतीत सुपरवायझरला, बँकेला आणि नोकरीच्या कार्यालयाला कळवा. कराराची पत्रं जुन्या पत्त्यावर जाऊन पडली तर वार्षिक आढाव्याची मुदत हुकते. भाडेकराराची प्रत आणि डिपॉझिटची पावती सुपरवायझरला पाठवा, म्हणजे पुढच्या आढाव्यात खर्चाच्या तक्त्यातली भाड्याची ओळ बरोबर भरली जाईल.

करार पूर्ण झाला की तसं प्रमाणपत्र मिळतं. आयव्हीएचं नाव सार्वजनिक नोंदवहीतून करार संपल्यानंतर ३ महिन्यांत निघतं, क्रेडिट फाइलवर मात्र ते सुरू झाल्यापासून ६ वर्षं राहतं. जर्मनीत ‘शुफा’ २०२३ पासून कर्जमुक्तीची नोंद ६ महिन्यांत काढते. नोंदी आपोआप निघाल्या का, ते स्वतः तपासा. प्रमाणपत्राची एक प्रत पायरी ५ मधल्या त्याच फाइलमध्ये सर्वांत वर लावून ठेवा, पुढच्या घराच्या अर्जाला ती लागेल.